मेल आर्काइव्हमधल्या अटॅचमेंटची नावं आणि प्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढ्या, कुपवाड एमआयडीसीतली वर्कशॉप, मिरजेतली हॉस्पिटलं, तालुक्याच्या पतसंस्था. मेल आर्काइव्ह, म्हणजे आलेला-गेलेला प्रत्येक मेल वेगळा जपून ठेवणारं सॉफ्टवेअर, एकदा बसवलं की ऑडिट जवळ येईपर्यंत त्याकडे कुणी फिरकत नाही, आणि मग एकाच आठवड्यात सगळ्यांचे फोन येतात. ते प्रश्न इथे एका जागी ठेवले आहेत. हे एखाद्याच सॉफ्टवेअरबद्दल नाही. मेलस्टोअर, पायलर किंवा आणखी काही वापरत असाल, तरी दुखणी साधारण हीच. सेटिंगची नावं तेवढी तुमच्या पॅनेलवर वेगळी असतील.

१. आर्काइव्ह अटॅचमेंट वेगळी फाइल म्हणून ठेवतं की मेलच्या आतच?

मेल म्हणजे मुळात एक लांबलचक टेक्स्ट फाइल. अटॅचमेंट बेस६४ नावाच्या पद्धतीने अक्षरांत बदलून त्याच टेक्स्टमध्ये घातलेलं असतं. ही रचना माइम या मानकातली, आणि त्याचा आज चालू असलेला मसुदा १९९६ सालचा आहे. काही आर्काइव्ह ती अख्खी टेक्स्ट फाइल तशीच जपतात. काही अटॅचमेंट सुटं करून त्याचा हॅश (आतल्या मजकुरावरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा) काढतात, फाइल एकदाच साठवतात आणि नाव डेटाबेसमध्ये लिहून ठेवतात.

पोतं एक आणि त्याला लावलेली चिठ्ठी वेगळी, तसं हे आहे. खाली येणाऱ्या बहुतेक तक्रारी चिठ्ठीच्या आहेत, आतला माल शाबूत असतो. म्हणून नाव बिघडलेलं दिसलं तरी आधी फाइल उतरवून उघडून बघा. ती उघडली, तर घाबरण्यासारखं काही नाही.

२. फाइलचं नाव मेलमध्ये नेमकं कुठे लिहिलेलं असतं?

दोन ठिकाणी असू शकतं, आणि तिथेच घोळ होतो. प्रत्येक अटॅचमेंटच्या डोक्यावर दोन हेडर, म्हणजे माहितीच्या ओळी, असतात. कंटेंट-टाइप या हेडरमध्ये ‘नेम’, आणि कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये ‘फाइलनेम’. दुसरी जागा अधिकृत, पहिली जुन्या सवयीची. पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने दोन्हीकडे वेगवेगळी नावं लिहिली, तर आउटलुकमध्ये एक नाव दिसेल आणि आर्काइव्हमध्ये दुसरं.

तपासायला मेलचा कच्चा मजकूर काढा. जीमेलमध्ये मेलच्या उजव्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांखाली ‘शो ओरिजिनल’ मिळतं, थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि यू दाबा. आमच्याकडे तक्रार पाठवताना स्क्रीनशॉट पाठवू नका, हा कच्चा मजकूर पाठवा. स्क्रीनशॉटवरून फक्त बिघडलंय एवढंच कळतं.

३. नावाच्या जागी बरोबरचं चिन्ह, प्रश्नचिन्ह, मग ‘यूटीएफ-८’ आणि पुढे अगम्य अक्षरं दिसतात. फाइल करप्ट झाली का?

नाही. मेलच्या हेडरमध्ये पूर्वी फक्त इंग्रजी अक्षरं चालायची, म्हणून देवनागरी नाव सांकेतिक रूपात लिहून पाठवतात. नियमाप्रमाणे फाइलच्या नावासाठी आरएफसी २२३१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांची क्रमांकित कागदपत्रं) ची पद्धत वापरायची असते. विषयाच्या ओळीसाठी असलेली आरएफसी २०४७ ची पद्धत इथे वापरू नये, असं मानकात स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही अनेक बिलिंग सॉफ्टवेअर तेच करतात. आउटलुक आणि जीमेल समजून घेतात. कडक नियमाने चालणारं आर्काइव्ह मात्र ते नाव जसंच्या तसं छापतं. पॅनेलवर सैल वाचनाचा पर्याय असेल तर चालू करा, नसेल तर नवी आवृत्ती घ्या.

दुसरी एक तक्रार याच्यासारखी दिसते, पण वेगळी आहे. प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी तीन चिन्हं, त्यात दर तीन चिन्हांमागे डोक्यावर रेघ असलेला इंग्रजी ए आणि अधूनमधून जपानी येनचं चिन्ह (¥). इथे यूटीएफ-८ (जगभरच्या लिप्या साठवण्याची आजची पद्धत) मधलं नाव पश्चिम युरोपीय संचातलं समजून वाचलं गेलंय. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं आणि त्यांची सुरुवात ठरलेली असते, म्हणून हा नमुना इतका एकसारखा दिसतो. पॅनेलवर ‘डीफॉल्ट कॅरेक्टर सेट’ यूटीएफ-८ करा.

४. नाव ‘सांगली हळद’ होतं, आर्काइव्हमध्ये ‘स__गल_ हळद’ झालं. एक शब्द फुटला आणि दुसरा वाचला, असं कसं?

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. नाव साठवण्याआधी सॉफ्टवेअर ते ‘साफ’ करतं. धोकादायक चिन्हं काढायची म्हणून प्रोग्रामर एक सोपा नियम लिहितो: अक्षर, अंक किंवा मोकळी जागा नसेल तिथे खालची रेघ घाल. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामायिक यादीत, स, ग, ल ही अक्षरं आहेत. पण काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांची नोंद ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहे. पायथनसकट बऱ्याच भाषांमध्ये ‘शब्दातलं अक्षर’ ओळखणारा तयार नमुना या जोडचिन्हांना अक्षर मानत नाही. म्हणून ‘हळद’ला धक्का लागत नाही, तिच्यात एकही मात्रा नाही, आणि ‘बेदाणा’चं ‘ब_द_ण_’ होतं.

असला नियम लिहिणाऱ्याने इंग्रजीपलीकडचं एकही नाव घालून पाहिलेलं नसतं, हे उघड आहे. कंपनीकडे तक्रार करताना ‘मराठी चालत नाही’ असं मोघम लिहू नका. त्यावर फॉन्ट टाकायला सांगणारं उत्तर येतं. ‘नाव साफ करताना युनिकोडची जोडचिन्हं गाळली जातात’ असं लिहा, आणि उदाहरण म्हणून हळद-बेदाण्याची जोडी द्या. प्रोग्रामरला लगेच कळतं.

मूळ नाव कच्च्या मेलमध्ये तसंच असतं. ते परत कसं आणायचं हे प्रश्न १८ मध्ये आहे.

५. ‘शेतकऱ्यांची यादी’ ही फाइल डोळ्यांसमोर आहे, पण सर्चमध्ये तेच नाव टाकलं तर सापडत नाही.

‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात किमान तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, म्हणजे टिंब. जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलमध्ये हे दिसतं, कारण तिथली फाइल सिस्टम नाव सुटं करून ठेवायची. तीन, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात.

पहिल्या दोन प्रकारांची सांगड युनिकोडचं नॉर्मलायझेशन घालतं. त्यातला एनएफसी हा पर्याय इंडेक्ससाठी (सर्च ज्या सूचीत शोधतो तिच्यासाठी) चालू आहे का ते बघा. तिसऱ्या प्रकारात ते उपयोगाचं नाही. उलट, नाव साफ करताना अदृश्य चिन्ह उडालं तर ‘शेतकऱ्यांची’चं ‘शेतकर्यांची’ होतं, म्हणजे य वर रफार येतो. तऱ्हा, कऱ्हाड, पायऱ्या, दऱ्या, सगळ्यांची हीच गत. साताऱ्याच्या एका वाचकाला तर स्वतःच्या गावाचं नाव असलेल्या फाइलीच सापडत नव्हत्या: ‘साताऱ्यातील’मध्येही तोच ऱ आहे.

तोपर्यंतचा उपाय म्हणजे अर्धवट शब्द शोधणे. ‘शेतक’ आणि पुढे तारांकन टाकलं की तिन्ही येतात. अंकांचंही तसंच: नावात ‘२०२४’ मराठी अंकांत असेल, तर इंग्रजी अंकांनी शोधून ते मिळेलच असं नाही.

६. लांब नाव मध्येच तुटतं आणि शेवटचं ‘.पीडीएफ’ गायब होतं.

लिनक्सवरच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टममध्ये एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरी चिन्हाला तीन बाइट, म्हणजे ८५ चिन्हं. आणि मात्रा वेगळी मोजली जाते: ‘शेतकऱ्यांची’ या एका शब्दात ११ चिन्हं, ३३ बाइट. ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त व लेखापरीक्षकांचा अहवाल’ अशा नावापुढे संस्थेचं पूर्ण नावही जोडणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. चांगलं सॉफ्टवेअर मधला भाग कापतं आणि एक्स्टेन्शन राखतं. साधं सॉफ्टवेअर शेपूट कापतं.

दुसरं कारण हेडरमध्ये असतं. लांब नाव आरएफसी २२३१ प्रमाणे शून्य, एक, दोन असे क्रमांक देऊन तुकड्यांत पाठवतात. काही आर्काइव्ह पहिलाच तुकडा वाचतात. नाव नेहमी ८५ पेक्षा बरंच आधी तुटत असेल, तर संशय इथे घ्या.

७. बिल नंबरात तिरकी रेघ आहे. आर्काइव्हमध्ये नावाचा फक्त शेवटचा तुकडा राहतो.

जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल नंबर १६ चिन्हांपर्यंतचा असतो आणि त्यात आडवी व तिरकी रेघ दोन्ही चालतात. त्यामुळे ‘एस/२४-२५/०१०५’ हा नंबर कायदेशीर आहे. ईआरपी, म्हणजे बिलं-हिशेबाचं सॉफ्टवेअर, तोच नंबर फाइलचं नाव म्हणून मेलमध्ये घालतं. आर्काइव्हच्या दृष्टीने तिरकी रेघ म्हणजे फोल्डर. बाहेरून आलेल्या नावातल्या फोल्डरवर विश्वास ठेवू नये हा सुरक्षेचा नियम आहे आणि तो बरोबरच आहे, म्हणून ‘०१०५’ एवढंच उरतं. पुढच्या वर्षीचं १०५ नंबरचं बिल आलं की एकाच नावाच्या दोन फाइली.

आर्काइव्हमध्ये काही करू नका. ईआरपीमध्ये पीडीएफचं नाव ठरवणाऱ्या साच्यात तिरक्या रेघेऐवजी आडवी घाला. बिलावरचा नंबर तसाच राहू दे.

८. नाव पहिल्याच शब्दावर संपतं. ‘स्टॉक स्टेटमेंट मार्च’चं नुसतं ‘स्टॉक’ होतं.

पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने नावाभोवती अवतरणचिन्हं घातलेली नाहीत. मग हेडर वाचणारा पहिल्या मोकळ्या जागेवर थांबतो. दोष पाठवणाऱ्याचा, भोगणारे आपण. अर्धविरामावर तुटत असेल तरी कारण हेच.

९. ‘एटीटी००००१’ किंवा ‘नोनेम’ असली नावं कुठून येतात? आम्ही तर असं काही पाठवलेलं नाही.

मेलच्या एखाद्या भागाला नावच नसेल, तर दाखवणारं सॉफ्टवेअर स्वतःचं काहीतरी नाव लावतं. एटीटीची मालिका आउटलुक आणि एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) यांच्या घरची. बऱ्याचदा आत एखादी तळटीप, सहीचा तुकडा किंवा रिकामी ओळ असते. पण उघडून न बघता फिल्टरने उडवू नका, कारण स्कॅनर मशीनवरून थेट मेल केलेली कागदपत्रंही कधी कधी बिननावाची येतात.

१०. ‘विनमेल.डॅट’ आलंय, पाठवणारा म्हणतो मी एक्सेल पाठवली.

दोघंही खरं बोलताय. आउटलुकने ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात मेल पाठवला की तो सगळं सामान टीनेफ नावाच्या गाठोड्यात बांधतो. एक्सेल त्याच्या आत आहे. आर्काइव्हमध्ये टीनेफ उलगडण्याची सोय असेल तर चालू करा, नाहीतर आतल्या फाइलचं नावही शोधता येणार नाही आणि मजकूरही. पाठवणाऱ्याला मेलचा प्रकार एचटीएमएल करायला सांगा.

११. फाइल पीडीएफ आहे हे दिसतंय, तरी आर्काइव्ह तिचा प्रकार ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ दाखवतं. मग ‘फक्त पीडीएफ’ असं फिल्टर लावलं की ती येत नाही.

प्रकार सांगणारे तिघं असतात: हेडरमध्ये जाहीर केलेला प्रकार, नावातलं एक्स्टेन्शन, आणि फाइलचे पहिले काही बाइट. ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ म्हणजे ‘काहीतरी बाइट आहेत’ एवढंच. पाठवणाऱ्या प्रोग्रामला प्रकार ठरवण्याचे कष्ट घ्यायचे नव्हते.

तिघांत भरवशाचा तिसरा. पीडीएफची सुरुवात टक्केचिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी होते. झिपची सुरुवात ‘पीके’ने, ती झिप तयार करणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. पण इथेही मेख आहे: नव्या वर्ड आणि एक्सेलच्या फाइली आतून झिपच असतात, म्हणून फक्त पहिले बाइट बघणारं सॉफ्टवेअर त्यांना झिप म्हणतं. आणखी एक, आपल्याकडे फार आढळणारा प्रकार: बँकेच्या किंवा एखाद्या पोर्टलवरून उतरवलेली ‘एक्सएलएस’ फाइल प्रत्यक्षात एचटीएमएलचा तक्ता असते. एक्सेल ती उघडताना नाव आणि प्रकार जुळत नाहीत असा इशारा देतं, आपण ‘येस’ दाबून पुढे जातो. आर्काइव्ह तिला एचटीएमएल म्हणत असेल, तर ते बरोबर म्हणतंय.

ऑडिटसाठी शोधताना प्रकारावर फिल्टर लावू नका. नाव, तारीख, पाठवणारा यांवर लावा.

१२. आमच्या वर्कशॉपची ड्रॉइंग ‘१’, ‘२’, ‘७’ अशा प्रकारची दिसतात.

तुम्ही क्रिओ हे कॅड सॉफ्टवेअर वापरता. क्रिओ दर सेव्हला नवी फाइल करतं आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन आवृत्तीचा आकडा लावतं: ‘.पीआरटी.१’, ‘.पीआरटी.२’. शेवटच्या टिंबापुढचं ते एक्स्टेन्शन, असं धरणाऱ्या आर्काइव्हला मग ‘२’ हाच प्रकार वाटतो. नाव बदलून पाठवू नका, गिऱ्हाइकाच्या नोंदीशी जुळणार नाही. सर्चमध्ये ‘पीआरटी’ हा शब्द नावात शोधा.

मिरजेच्या हॉस्पिटलांसाठी जाता जाता: डायकॉम (सीटी, एमआरआयच्या चित्रांचं ठरलेलं स्वरूप) स्कॅनच्या फाइलींना अनेकदा एक्स्टेन्शनच नसतं. त्यांची ओळख पहिल्या बाइटांत नाही, सुरुवातीचे १२८ बाइट सोडून पुढे ‘डीआयसीएम’ या चार अक्षरांत असते.

१३. ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ असल्या फाइली आर्काइव्हने ठेवाव्यात का?

ठेवाव्यात. आर्काइव्हचं काम जे आलं ते जपणं. अडवण्याचं काम त्याच्या आधीच्या गेटवेचं, म्हणजे येणारे मेल तपासणाऱ्या सर्व्हरचं. उघडताना किंवा उतरवताना मात्र आर्काइव्हने इशारा दिलाच पाहिजे.

याहून लबाड युक्ती आहे ती दिशा उलटवणाऱ्या अदृश्य चिन्हाची, युनिकोडमधला यू+२०२ई. त्याच्या पुढची अक्षरं उलटी दिसतात, त्यामुळे शेवटी ‘पीडीएफ’ वाचता येतं आणि फाइल चालते प्रोग्राम म्हणून. म्हणून काही प्रशासक ‘सगळी अदृश्य चिन्हं काढा’ असा नियम लावतात. तसं करू नका. त्यात प्रश्न ५ मधलं झेडडब्ल्यूजेही जातं आणि मराठी नावं बिघडतात. दिशा बदलणारी चिन्हंच तेवढी निवडून दाखवा, बाकीच्यांना हात लावू नका.

शिवाय आर्काइव्हच्या साठ्यावर साधा अँटिव्हायरस मोकळा सोडू नका. तो संशयित फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो, आणि मग मेल आहे पण अटॅचमेंट नाही अशी अवस्था होते.

१४. मेलमध्ये अटॅचमेंट होतं हे नक्की आठवतं, पण आर्काइव्हमध्ये काहीच नाही.

बहुतेक वेळा ते अटॅचमेंट नव्हतंच, लिंक होती. जीमेलमध्ये फाइल २५ एमबीच्या वर गेली की ती ड्राइव्हवर चढते आणि मेलमध्ये फक्त दुवा जातो. वनड्राइव्हचंही तेच. आर्काइव्ह दुवा जपतं, दुव्यामागची फाइल जपत नाही. ज्याने ती ठेवली होती त्याने नोकरी सोडली, खातं बंद झालं, की फाइल गेली. महत्त्वाचे करार आणि ताळेबंद लिंकने पाठवायचे नाहीत, असा नियम ऑफिसातच करून टाका.

बेस६४ मुळे वाटेत फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, हेही लक्षात ठेवा. २५ एमबीची मर्यादा असलेल्या सर्व्हरवर १९ एमबीची फाइलही अडू शकते.

१५. नाव सापडतं, पण पीडीएफच्या आतला मराठी मजकूर सर्चमध्ये येत नाही.

स्कॅन केलेली असेल तर आत मजकूर नाही, चित्र आहे. ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) लागेल, आणि त्यात मराठीचा भाषासंच वेगळा टाकावा लागतो. टेसरॅक्ट या ओसीआरमध्ये तो मिळतो. पासवर्ड असलेल्या फाइली, जसं ई-आधार किंवा बँक स्टेटमेंट, आर्काइव्हला उघडता येत नाहीत.

तिसरं कारण आपल्याकडचं. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र आपल्याला मराठी दिसतं, पण फाइलमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. ती शोधायला कुठलंही आर्काइव्ह मदत करणार नाही. अशा पत्रांना निदान नावं तरी युनिकोडमध्ये नीट द्या.

१६. झिप उघडली तर आतली मराठी नावं बिघडलेली. झिपचं नाव मात्र ठीक आहे.

झिपच्या आत प्रत्येक नावासोबत ‘हे यूटीएफ-८ आहे’ असं सांगणारी एक खूण असते. ती लावली नसेल, तर वाचणारा जुनं आयबीएमचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) ४३७ धरतो. मेलच्या हेडरशी याचा संबंध नाही, त्यामुळे प्रश्न ३ मधल्या सेटिंगने हे सुटत नाही. सेव्हन-झिपसारख्या टूलमध्ये झिप पुन्हा तयार करून मागवा. पासवर्ड असलेल्या साध्या झिपमध्ये आतली नावं मात्र उघडीच राहतात. नावातच गुपित लिहिणाऱ्यांनी सावध राहावं.

१७. आर्काइव्हमधल्या प्रत्येक मेलला एकच अटॅचमेंट दिसतं, तेही मेलच.

एक्स्चेंजचं जर्नलिंग वापरताय. त्यात मूळ मेल एका अहवालाला जोडून येतो. अहवालात खरे पाठवणारे आणि घेणारे असतात. आर्काइव्हमध्ये ‘जर्नल’ हा स्रोत निवडला नाही, तर ते अहवालालाच मेल समजतं. स्रोत बदला. त्याआधी आलेले मेल पुन्हा आत घ्यावे लागतील.

१८. सेटिंग दुरुस्त केलं. जुन्या मेलमधली बिघडलेली नावं आपोआप सुधारतील का?

नाही. नाव येतानाच वाचून डेटाबेसमध्ये लिहिलेलं असतं. कच्चा मेल शाबूत असेल, तर री-इंडेक्स चालवा म्हणजे नावं नव्याने वाचली जातात. आधी एका महिन्याच्या मेलवर चालवून बघा. मोठ्या साठ्यावर हे काम रात्र रात्र चालतं आणि तेवढा वेळ सर्च अर्धवट राहतो, तेव्हा मार्चअखेरीला हात घालू नका. साठ्याच्या फोल्डरमध्ये शिरून हाताने फाइलींची नावं तर कधीच बदलू नका. तिथली नावं हॅशवरून ठरलेली असतात. एक बदललं की मेल आणि फाइलची गाठ सुटते.

१९. एक्स्पोर्ट अर्ध्यात थांबतो, ‘पाथ टू लाँग’ म्हणतो.

विंडोजमध्ये फोल्डरसकट पूर्ण पत्त्याला मुळात २६० चिन्हांची मर्यादा आहे. ‘डेस्कटॉप’वरच्या फोल्डरातल्या फोल्डरात उतरवण्याऐवजी थेट डी ड्राइव्हच्या मुळाशी एका अक्षराचं फोल्डर करून तिथे उतरवा.

२०. एकच बिल तिघांनी तीन नावांनी पाठवलं. आर्काइव्हमध्ये एकच नाव दिसतं. बाकीची गेली का?

फाइल एकदाच साठवली जाते (प्रश्न १), पण नाव प्रत्येक मेलसोबत वेगळं नोंदायला हवं. तिन्ही मेल स्वतंत्र उघडून बघा. तिथे तीन नावं दिसत असतील, तर फक्त सर्चची यादी एकत्र केलेली आहे, चिंता नाही. तिन्हीकडे एकच नाव असेल, तर ते सॉफ्टवेअर नाव फाइलला चिकटवतंय. हा खरा दोष, विक्रेत्याला धरा.

२१. नाव बदललेलं अटॅचमेंट कोर्टात किंवा ऑडिटला चालेल का?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद पुढे वापरता येईल अशी, मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात ठेवायची असते. कुठून कुठे आणि कधी गेली हेही कळलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो. पडद्यावरचं नाव बिघडलं तरी कच्च्या मेलचा हॅश बदलत नाही. म्हणून पुरावा देताना सुटी पीडीएफ देऊ नका, पूर्ण मेल ईएमएल (कच्चा मेल जसाच्या तसा ठेवणारी फाइल) स्वरूपात काढून द्या. त्यात मूळ नाव, मूळ तारीख आणि फाइल सगळं एकत्र असतं. प्रमाणपत्राची भाषा मात्र तुमच्या वकिलांकडून ठरवून घ्या.

किती वर्षं ठेवायचं, हेही याच फोनवर विचारलं जातं. कंपनी कायद्यात हिशेबाच्या वह्यांना ८ वर्षं, जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. वाद चालू असेल तर तो मिटेपर्यंत काहीच पुसायचं नाही.

२२. प्रत्येक मेलमागे ‘इमेज००१’ नावाचं चित्र दिसतं. उडवलं तर चालेल?

तो सहीखालचा लोगो. आर्काइव्हमधून काही उडवू नका. यादीत तो दिसू नये एवढंच हवं असेल, तर ‘इनलाइन चित्रं लपवा’ हा पर्याय लावा. फक्त एक बघा: काही जण बिलाचा फोटो थेट मेलच्या मजकुरात चिकटवतात, तोही इनलाइनच असतो आणि त्याचंही नाव ‘इमेज००१’च असतं.